आयुक्त साहेब, चष्मा बाकड्याखाली वाकत नाही

प्रति,
मा. आयुक्त,
आमची महानगरपालिका

विषय : उद्यानं, फुटपाथ व स्वच्छतागृहांची पाहणी स्मार्ट चष्म्याने करण्याच्या प्रयोगाबाबत

महोदय,

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे पावणेसात वाजले होते. बागेत माझी चौथी फेरी चालू होती आणि समोरून एक तरुण कनिष्ठ अभियंता येताना दिसला. गळ्यात ओळखपत्र, हात मोकळे, डोळ्यांवर जाड काड्यांचा काळा चष्मा. दर दहा पावलांवर तो थांबायचा, मान वर करायचा, मग खाली, मग पुढे. मला आधी वाटलं मानेचा व्यायाम चाललाय. आमच्या बागेत असे पुष्कळ असतात.

मी खात्यातलाच जुना माणूस आहे म्हटल्यावर पोरगा मोकळा झाला. तुमच्या कार्यालयाने सुरू केलेली ही चाचणी आहे, असं त्याने सांगितलं आणि कौतुकाने चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर ठेवला. त्यासाठी मला माझा नंबरचा चष्मा काढावा लागला. त्यामुळे बाग धूसर झाली, पण काचेतल्या चौकटी मात्र स्वच्छ दिसत होत्या. ज्या वस्तूकडे बघावं तिच्याभोवती चौकट उमटायची. हिरवी म्हणजे सुस्थितीत, लाल म्हणजे दोष. बाकड्याकडे पाहिलं, हिरवी. झोपाळ्याकडे पाहिलं, हिरवी. ताम्हणाखाली पाकळ्यांचा जांभळा सडा पडला होता. त्याच्याभोवती लाल, आणि खाली शब्द : ‘कचरा’. पलीकडच्या बाकावर रात्रपाळी करून आलेला एक वॉचमन आडवा झाला होता. तोही लाल : ‘अडथळा’.

मी त्या पोराला म्हटलं, त्या हिरव्या बाकड्यावर जरा बस. तो बसला आणि बाकडं डावीकडे कललं. मग आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून खाली वाकून पाहिलं. चार बोल्टपैकी दोन नव्हतेच. तिसरा होता, पण त्याचा नट गायब. चौथ्याच्या जिवावर तीन माणसांचं बाकडं उभं होतं. पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, “सर, खालून बघितलं तर हा पकडेल बहुतेक. पण नऊच्या आत मला सहा बागा उरकायच्यात.”

साहेब, पत्र लिहायला मला त्या सहा बागांनी बसवलं.

मी या महापालिकेत एकतीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उप अभियंता म्हणून बाहेर पडलो. पथ विभाग, मलनिस्सारण, शेवटची नऊ वर्षं उद्यानांची स्थापत्य कामं. त्यामुळे जुनं ते सोनं म्हणत यंत्रांना नाकं मुरडणारा म्हातारा, असं मला समजू नका. आधी माझंच एक सांगतो, म्हणजे पुढचं कुठल्या तोंडाने लिहितोय ते तुम्हाला कळेल.

आमच्याकडे उद्यानांची निरीक्षण नोंदवही असायची. प्रत्येक बागेला महिन्यातून दोन भेटी, खेळण्यांची स्थिती, शेरा, सही. एका पावसाळ्यापूर्वी वरून फोन आला की वह्या पूर्ण करून पाठवा. मी दुपारी ऑफिसात बसलो, चहा मागवला आणि चौदा बागांचे शेरे एका बैठकीत लिहिले. सगळीकडे ‘सुस्थितीत’. पंधरा दिवसांनी त्यातल्या एका बागेत सी-सॉ मधोमध निखळला आणि एका मुलीचा हात मोडला. चौकशी झाली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मला एकच प्रश्न विचारला : नोंदवही अद्ययावत आहे का? होती. प्रकरण तिथेच मिटलं. मला कुणी रागावलंसुद्धा नाही.

सी-सॉचा खिळा खालून गंजला होता हे त्या बागेच्या माळ्याला महिनाभर आधीपासून माहीत होतं. त्याने मुकादमाला सांगितलं होतं, मुकादमाने तोंडी माझ्या कानावर घातलं होतं. म्हणजे दोष सगळ्यांना दिसत होता. तो कुणाच्याच कागदावर नव्हता, आणि कागद तर पूर्ण होता.

हे अशासाठी सांगतो की चष्म्याच्या कंपनीचं सादरीकरण, मला त्या पोराने मोबाइलवर दाखवलं ते, एका गृहीतावर उभं आहे : महापालिकेला आपल्या जागांची दुरवस्था दिसत नाही, आणि ती दिसली की सुधारेल. एकतीस वर्षांत मला एकही असा खड्डा भेटला नाही जो कुणालाच दिसला नव्हता.

आता चष्म्याला काय दिसतं आणि काय नाही, ते जरा कामाच्या भाषेत बोलू.

झोपाळ्याची साखळी घ्या. ती समोरून तुटत नाही. वर आडव्या पाइपात जिथे कडी अडकवलेली असते तिथे कडीवर कडी घासून आतल्या बाजूने झिजते. बाहेरून रंग चकचकीत, आतून लोखंड निम्मं. आमचा एक जुना फिटर होता, तो शिडीवर चढून कडीत करंगळी घालायचा आणि फिरवायचा. खाच लागली की साखळी उतरवायची. बघायचा नाहीच तो.

पेव्हर ब्लॉक घ्या. वरून सगळे एका रेषेत. पण खालची वाळू वाहून गेलेली असली की पाय पडताच ब्लॉक डुगडुगतो आणि पावसाळ्यात त्याच्याखालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं पँटवर येतं. आम्ही काठीने ठोकत जायचो. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक चार दिवसांत कुणालाही कळतो. विजेच्या खांबाचंही तसंच. तो गंजतो जमिनीला टेकतो त्या वितीत, आणि ती वीत बहुतेक वेळा मातीत नाहीतर गवतात झाकलेली असते. झाडाचं तर विचारूच नका. गुलमोहर वरून पेटल्यासारखा फुललेला असतो आणि बुंध्याशी अळंब्या फुटलेल्या असतात. अळंबी दिसली की समजावं, आत कुजायला सुरुवात झाली. जून-जुलैच्या पहिल्या वादळात तोच आडवा होतो. चष्मा तुरे बघतो. माळी बुंधा बघतो, लाकडी हातोडीने ठोकतो, कान लावतो.

आणि स्वच्छतागृह. तिथे तर निम्मी पाहणी नाकाने होते. टाइल्स पांढऱ्या असतात, चौकट हिरवी येते, आणि नळाला पाणी नसतं. आतली कडी तुटलेली असते. दिवा असतो पण बटण बाहेर असतं, ते येणारा-जाणारा बंद करतो. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून जी चळवळ चालवली, तिच्या मागण्या काय होत्या ते आठवा. कडी, पाणी, दिवा, कचऱ्याचा डबा, आणि पैसे न घेता वापर. यातली कुठली गोष्ट चालता चालता काढलेल्या चित्रात येते?

शिवाय तिथे कॅमेरा न्यायचा कुणी? महिलांच्या स्वच्छतागृहात कॅमेरा लावलेला चष्मा घालून शिरणारा माणूस, मग तो महापालिकेचा असो नाहीतर कुणी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ च्या, म्हणजे बाईचं चोरून चित्रण करण्याच्या गुन्ह्याच्या, फार जवळून चालतो. बाई अधिकारी पाठवली तरी आत असलेल्या दुसऱ्या बाईला कसं कळणार की चित्रण चालू आहे की बंद? बाजारातल्या चष्म्यांना चित्रण करताना पेटणारा एक बारीक दिवा असतो. आपल्या मे महिन्याच्या उन्हात मला तो हातभरावरूनही दिसला नाही, आणि मी तर मुद्दाम बघत होतो.

एवढं लिहून मी चष्म्याच्या विरोधात आहे असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. हात मोकळे राहतात ही गोष्ट लहान नाही. आम्ही एका हातात टेप, दुसऱ्यात वही, बगलेत छत्री आणि तोंडात पेनाचं टोपण धरून गटाराच्या चेंबरवर वाकलेली माणसं. जे बघितलं त्याची जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, तेही चांगलंच. ज्याच्यापुढे वस्तू एकच आणि काम ठरलेलं असतं त्याला तर याचा खरंच उपयोग होतो. बोइंग कंपनीने विमानातल्या वायरी जोडताना कामगारांच्या डोळ्यांसमोर नकाशा दाखवायला असे चष्मे वापरले. पण तिथे चष्मा कामगाराला मदत करत होता. आपल्याकडे तो आल्या आल्या हजेरी घेणाऱ्याच्या नाकावर बसतो. गूगलने २०१३ मध्ये असा चष्मा काढला तेव्हा अमेरिकेत लोकांनी तो घालणाऱ्याला हॉटेलांतून बाहेर काढलं होतं, इतका समोरच्या कॅमेऱ्याचा वैताग. २०२५ मध्ये आपल्याकडे रे-बॅन मेटाचे कॅमेऱ्याचे चष्मे एकोणतीस हजार नऊशेपासून दुकानात आले. म्हणजे वस्तू अप्रूपाची राहिलेली नाही. प्रश्न आहे तो घालून काय करायचं याचा.

आता माझा मुद्दा. साहेब, महापालिकेत पाहणी दोन प्रकारची असते. एक पाहणीसाठी पाहणी. तिची वही वेगळी, अ‍ॅप वेगळं, बैठक वेगळी. आणि दुसरी, जिच्यावर पैसा हलतो. तिचं नाव मोजमाप पुस्तक, आपल्या सगळ्यांच्या तोंडी एमबी. एमबीच्या पानांना छापील क्रमांक असतात. पान फाडता येत नाही, खाडाखोड करायची तर एका रेघेने कापून शेजारी सही. कनिष्ठ अभियंता मापं लिहितो, उप अभियंता त्यातली काही स्वतः तपासतो, आणि मगच कंत्राटदाराचं बिल पुढे सरकतं. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही रीत किती जणांनी किती वेळा मोडली असेल ते मला चांगलं माहीत आहे, पण एमबीत खोटं लिहिताना हात थरथरतो, एवढं खरं. निरीक्षण नोंदवहीत लिहिताना माझा थरथरला नव्हता. कारण तिच्यावर कुणाचा रुपया अडत नव्हता.

तुमचा चष्मा कुठल्या वहीत लिहितो? मी त्या पोराला विचारलं. म्हणाला, “डॅशबोर्डवर जातं, सर.” आणि डॅशबोर्डवरून, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र दिसणाऱ्या त्या पडद्यावरून? त्याला ठाऊक नव्हतं. त्याच बागेच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट आहे, दर महिन्याला बिल निघतं. ते बिल तयार करणारा लिपिक डॅशबोर्ड उघडतो का? उघडत नाही. त्याला तो उघडायचा अधिकारच दिलेला नाही.

असले डॅशबोर्ड भरायला आपली माणसं किती हुशार असतात, त्याचा पुरावा सरकारी कागदातच आहे. रोजगार हमी हा महाराष्ट्राने देशाला दिलेला विचार. बहात्तरच्या दुष्काळात उभा राहिला, १९७७ मध्ये कायदा झाला. त्याच्याच केंद्रीय अवतारात, म्हणजे मनरेगात, २०२३ च्या १ जानेवारीपासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो अ‍ॅपवर चढवणं सक्तीचं झालं. अडीच वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला स्वतःच परिपत्रक काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो चढवले जाताहेत, आधीच्या फोटोचा फोटो काढून लावला जातोय, फोटोतली डोकी आणि हजेरीतली डोकी जुळत नाहीत. फोटोचा फोटो! आणि या सगळ्यात नेटवर्क नाही म्हणून खऱ्या मजुराची मजुरी अडली, ते वेगळंच.

उलटं उदाहरणही देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की रडगाणंच आहे. मुंबईत २०२५ च्या नालेसफाईत गाळ काढण्याआधीच्या, काढतानाच्या आणि नंतरच्या चित्रफिती कंत्राटदाराला सक्तीच्या केल्या आणि त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासल्या. त्यात लबाडी सापडली आणि दंड झाले. तिथे यंत्र का चाललं? चित्रफीत नसेल तर बिल नाही, असं बांधलं होतं म्हणून. तंत्र दोन्हीकडे साधारण सारखंच. एकीकडे ते मजुराच्या मानगुटीवर बसलं होतं, दुसरीकडे कंत्राटदाराच्या बिलावर.

माझी विनंती एवढीच आहे. चष्म्याने टिपलेली प्रत्येक लाल चौकट त्या जागेच्या देखभाल कंत्राटाच्या बिलाशी बांधा. दुरुस्ती झाल्याचं, तेही खाली वाकून काढलेलं, चित्र येईपर्यंत तेवढी रक्कम बिलातून बाजूला ठेवा. नव्या बांधलेल्या फुटपाथला, ओपन जिमला डीएलपी असतो, म्हणजे तेवढ्या काळात दोष निघाला तर कंत्राटदाराने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा. तो संपण्याच्या तीन महिने आधी चष्मा तिथे न्या. आपल्याकडे डीएलपी संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक ‘दुरुस्तीची निकड’ निर्माण होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि बिल अडवलं की कंत्राटदार कोर्टात किंवा लवादात जाणार, हे धरून चला. तिथे तुमची चित्रफीत पुरावा म्हणून ठेवायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. मूळ फाइल कुणाकडे होती, तिला कुणी हात लावला, याची नोंद लागेल. कंपनीच्या सर्व्हरवर तीस दिवसांत आपोआप पुसली जाणारी चित्रफीत तुमच्या काय कामाची? एमबीचं पान तीस दिवसांत पुसलं जात नाही.

एक भीती मनात आहे, तीही लिहून टाकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख, जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. हा पैसा जबाबदार अधिकाऱ्याकडून आणि कंत्राटदाराकडून वसूल करावा असंही म्हटलं, आणि खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवायला सांगितलं. आता विचार करा. चष्म्याने खड्डा टिपला, तारीख-वेळ-ठिकाणासकट. म्हणजे महापालिकेला त्या क्षणापासून माहीत आहे. घड्याळ सुरू झालं. मी तुमच्या जागी नाही, पण त्या पोराच्या जागी होतो. वरून शब्द येईल, तोंडी : त्या रस्त्याने चष्मा नेऊ नकोस रे. चष्मा गुळगुळीत रस्त्यावरून फिरेल, आयुक्तांच्या बंगल्यासमोरच्या बागेतून फिरेल, आणि डॅशबोर्ड हिरवागार होईल. म्हणून फेऱ्यांचे मार्ग अभियंत्याने ठरवायचे नाहीत. चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर तक्रारी जिथून सर्वांत जास्त येतात तिथून सुरुवात करा. कोणत्या दिवशी कुठला रस्ता पाहिला आणि कुठला पाहिलाच नाही, हेही लोकांना दिसू द्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे महापालिकेने बरंचसं आपणहून जाहीर करायचं असतं. लोकांनी दहा रुपयांचा स्टँप लावून मागायची वाट बघायची नसते. माणसांचे चेहरे झाका, बाकड्यांचे झाकू नका.

चेहऱ्यांवरून आठवलं. चाचणीला आठवडा झाला नसेल, बागेत झाडणारी मावशी मला म्हणाली, “साहेब, ह्या फुलांचं काय करू?” मुकादमाने तिला सांगितलं होतं की ताम्हणाखाली लाल येतंय, तर दिवसातून तीनदा झाडायचं. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल. त्याचा सडा झाडायला मावशी उन्हात खराटा घेऊन तीन फेऱ्या मारते आणि त्याच बागेतलं दोन बोल्टचं बाकडं हिरवंच आहे. यंत्र शिकवाल तसं शिकतं, हे मला कळतं. पण त्याला शिकवायला कुणी मावशीला किंवा माळ्याला बोलावलं होतं का?

नागपुरात काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली होती. चंडीगडमध्येही. घड्याळाने हद्द सोडली किंवा संपर्क तुटला की पगार कापला जातो, अशा तक्रारी झाल्या. घड्याळात कॅमेरा आहे या धास्तीने बायकांना स्वच्छतागृहात जायची भीती वाटायची. आपल्याकडचा चष्मा तर उघड उघड कॅमेराच आहे. मावशी झाडताना दोन मिनिटं कठड्यावर टेकली, पाणी प्यायली, तर तीही लाल चौकट होईल, आणि तिची रोजंदारी लावणारा ठेकेदार ती चौकट बघेल. ठेकेदाराच्या बाकड्याची चौकट मात्र कुणी बघणार नाही. पाहणी कायम वरून खालीच उतरते, तिला उलट चढायची सवय नाही. निदान या एका प्रयोगात लेखी आदेश काढा : कामगाराचं चित्रण हजेरी, दंड किंवा पगारकपातीसाठी वापरलं जाणार नाही. तोच नियम बागेत खेळणाऱ्या पोरांना आणि बाकावर निजलेल्या माणसाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा केला आणि त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी काळजी घ्यायला सांगितलं. सरकारी यंत्रणांना त्यात बऱ्याच सवलती आहेत, तुमचे विधी अधिकारी त्या तुम्हाला आनंदाने दाखवतील. त्या वापरू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि चष्मा घालायला नेहमी अभियंताच का लागतो? आमच्या चाळीशेजारी एक गृहस्थ राहतात, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. पांढरी काठी घेऊन रोज बसस्टॉपपर्यंत जातात. आपण त्यांच्यासाठी फुटपाथवर पिवळ्या उठावाच्या फरशा बसवल्या. त्या फरशा शंभर पावलं सरळ जातात आणि थेट विजेच्या डीपीला जाऊन धडकतात. ते मला एकदा म्हणाले, “तुमच्या फरश्या मला डीपीपर्यंत सोडतात, पुढचं माझं मी बघतो.” चष्मा घालून त्यांच्यासोबत एक फेरी मारा. एक फेरी व्हीलचेअरवरून, म्हणजे कॅमेरा बसल्या उंचीवर येईल आणि बाकड्याच्या खालचंही दिसेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात, आयआरसी १०३ मध्ये, फुटपाथची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं स्पष्ट दिलेलं आहे. यंत्राला ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ शिकवण्यापेक्षा ही दोन मापं शिकवा. आपल्याकडे चौदा-पंधरा इंच उंच फुटपाथ आहेत. म्हातारी माणसं ते चढण्यापेक्षा रस्त्यावरून चालतात आणि आपण वर त्यांनाच बोलतो की फुटपाथ वापरत नाहीत.

नगरसेवकांवर मी काही कमी चिडलेलो नाही. पण २०२२ मध्ये मुदती संपल्यावर राज्यातल्या कित्येक महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या, तेव्हा एक गोष्ट जाणवली. नगरसेवक बागेत आला की निदान चार माणसं त्याला हाताला धरून तुटक्या घसरगुंडीपाशी न्यायची. डॅशबोर्डला हाताला धरता येत नाही.

त्या पोराला बोल लावू नका, ही शेवटची विनंती. तो मन लावून काम करतोय. बाकड्याखाली वाकल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून गुडघे पुसले आणि मला विचारलं, “सर, कडी आतून झिजते हे तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, फिटरने करंगळी घालून दाखवलं. तो फिटर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्याच्या जागी माणूस भरलेला नाही, ते काम कंत्राटात गेलं. सहा बागांऐवजी त्याला दोन द्या, सोबत एक माळी आणि एक फिटर द्या. चष्मा हवा तर त्यांच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांवर ठेवा.

मी रोज सकाळी सहा ते साडेसात त्याच बागेत असतो. तुम्ही आलात तर बाकड्याखाली एकत्र वाकून बघू.

आपला,
एक निवृत्त उप अभियंता

ता. क. : बाकड्याचे चार बोल्ट, नट-वॉशरसकट, मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवलेत. साठ रुपयांत आले. ते बसवायला मला पाच मिनिटं लागतील, पण मी बसवले की तिथे कंत्राटदाराचं बिल निघेल, म्हणून थांबलोय. झोपाळ्याचं मात्र थांबण्यासारखं नाही. पूर्वेच्या गेटकडून दुसरा, लाल पट्ट्याचा. उजव्या कडीत माझी करंगळी अर्धी आत जाते. माळ्याने तो वर दोरीने बांधून ठेवलाय, पण संध्याकाळी पोरं गाठ सोडतात. या आठवड्यात माणूस पाठवा.